चुलीत गेलेली वाट

"ज्याला वाट विचारावी लागते, त्याने घराबाहेर पडूच नये," सासऱ्याने भल्या पहाटे जाहीर केलं. "दिशा ही शोधायची गोष्ट नव्हे. ती माणसाच्या पोटात असते. जन्माला येतानाच घेऊन यायची असते ती."

एवढं बोलून त्याने कंबर ताठ केली, बदकं हाकायची लांब काठी खांद्यावर टाकली, आणि दार समजून तो थेट मागच्या कुडावर जाऊन आदळला.

"दार इकडे आहे," सासू चुलीतली राख सारत म्हणाली. तिने मानही वळवली नव्हती.

"माहीत आहे. कूड बघत होतो. सैल झालाय."

जावई दाराबाहेर टोपल्या एकात एक बसवत उभा होता. त्याने हे ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. घरजावयाला टिकायचं असेल तर कान दोन आणि तोंड अर्धं असावं लागतं. तो मूळचा रंगारी. भिंतींना चुना, दारांना रंग, हा त्याचा धंदा. लोकांनी भिंती रंगवायचं सोडलं तेव्हा तो बायकोबरोबर तिच्या माहेरी येऊन राहिला, आणि येताना आपली शिडी घेऊन आला. सासऱ्याकडे होती बदकं. बदकांना शिडीचा काही उपयोग नव्हता. तेव्हापासून घरात त्याला कुणी काही विचारत नसे. काही हरवलं तर मात्र सगळे आधी त्याच्याकडे बघत.

त्या वर्षी तळं आटलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते उठून निघून गेलं. एरवी उन्हाळ्यातसुद्धा झोपडीतून हाक मारली की पाण्यातल्या बदकांना ऐकू जाई. यंदा पावसाने अंग चोरलं होतं. कंटाळलेल्या पाहुण्याने रोज थोडं थोडं सामान हलवावं तसं पाणी मागे सरकत गेलं, आणि आता झोपडीपुढे नुसतं तळ्याचं बूड उरलं होतं. सपाट, राखाडी, भेगाळलेलं, नजर थकेल तिथपर्यंत. पार मधे, नजरेच्या पलीकडे, एक डोह होता. तो आटत नाही, असं सासरा सांगे. सासरा सांगे ते सगळं खरं मानायची घरात पद्धत होती.

घराजवळच्या डबक्यात बदकं बरेच दिवस लोळली. मग त्याचा चिखल झाला आणि चिखलाची वीट झाली. हापशातून पाण्याऐवजी खोकला येऊ लागला. बदकाला पाणी पिण्यापुरतंच लागतं असं ज्याला वाटतं, त्याने बदक पाळलेलं नसतं. चोच बुडवल्याशिवाय त्याच्या घशाखाली दाणा उतरत नाही, आणि डोकं बुडवायला मिळालं नाही तर डोळे चिकटतात. कालपासून काहींचे डोळे चिकटायला लागले होते. बायको ओल्या फडक्याने एकेकीचे डोळे पुसत बसली होती, आणि फडकं ओलं करायलाही आता पाणी जपून घेत होती. ही बदकं गेली, की घरात चार माणसं आणि एक शिडी.

"ऊन चढायच्या आत डोहावर," सासरा बाहेर येऊन म्हणाला. "नाकाड्याही आजच निघणार म्हणे. पाणी एका कळपापुरतं. जो आधी पोचेल, तो पावसापर्यंत तिथला."

नाकाड्या म्हणजे पलीकडच्या काठावरचा बदकवाला. नाक सोडलं तर त्या माणसात वाईट काही नव्हतं, पण सासऱ्याला तेवढं पुरत असे.

जावयाने खिशातला मोबाइल काढून बघितला. चार्जिंग संपून कितीतरी दिवस झाले होते. तरी बघायची सवय जात नाही.

"ते डबडं कशाला?"

"वेळ बघायला, मामा."

"वेळ आणि दिशा दोन्ही वर असतात," सासऱ्याने आभाळाकडे काठी केली. आभाळात धुळीशिवाय काही नव्हतं.

निघाले. पुढे सासरा, "ये ये ये" करत. त्याच्यामागे बदकं. शंभरावर बदकं एका ओळीत चालतात तेव्हा एखाद्या लग्नाला उशीर झालेल्या जाड्या बायका निघाल्यासारख्या दिसतात. सगळ्या घाईत, आणि पुढे कुणी सरकत नाही. दोन्ही अंगांना सासू आणि बायको. सगळ्यात मागे जावई, खांद्यावर आडवा बांबू, बांबूच्या दोन टोकांना टोपल्या. जे बदक बसेल ते टोपलीत टाकायचं, ही त्याची कामगिरी. पाण्याचा डबाही त्याच्याकडे होता. माणसांपुरतं पाणी होतं त्यात, तेही जपून प्यायलं तर.

सासऱ्याच्या पोटातल्या दिशेला खरं तर बाहेरून थोडी मदत होती. पूर्वी धुक्यात होडी चुकू नये म्हणून त्याने स्वतःच्या हाताने झोपडीपासून डोहापर्यंत लाकडी खुंटे रोवले होते. एकाजवळून पुढचा दिसेल असे. पाणी गेल्यावर ते उघडे पडले होते. पहिला खुंटा आला तेव्हा सासऱ्याने त्यावर काठी आपटली. दुसऱ्यावर आपटली. तिसऱ्यावर तर तो थांबला, वळला आणि जावयाकडे बघून हसला.

"शिका काही, जावईबापू. याला म्हणतात आधीचा विचार."

चौथा खुंटा आला नाही.

सासरा थोडा पुढे गेला, थोडा डावीकडे गेला, डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. मागे वळून बघितलं तर झोपडीही धुळीत गेली होती. वारा उठला होता, आणि तळ्याच्या बुडावरची मऊ माती उचलून चहूकडे पांढरट पडदा धरत होता. सूर्य कुठे आहे ते कळेना. सगळं आभाळ सारखंच उजळ, जणू कुणी वरून एक हात चुना मारला होता.

"बाबा, खुंटा?" बायकोने विचारलं.

"गाळात बसला असेल. जड लाकूड होतं."

सासू एका बदकाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"मागे फिरायचं का, मामा?" जावयाने विचारलं. "शेवटच्या खुंट्यापर्यंत जाऊन पुन्हा…"

"मागे फिरून बदकांना काय पाजणार? रंग?" सासऱ्याने बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. "आपण निघालो तेव्हा वारा डाव्या गालावर होता. डावा गाल वाऱ्याला द्यायचा आणि चालायचं. वारा काही दारू प्यालेला नाही वाकडंतिकडं जायला."

चौघांनी डावे गाल वाऱ्याला दिले आणि चालू लागले. बदकांनी दिले नाहीत.

हळूहळू तापायला लागलं. खालची माती पायाला चटका देऊ लागली. भेगा पायाच्या पंजाएवढ्या रुंद होत्या. बदकांचे पाय त्यांत अडकत, ती पंख आपटत पालथी होत. जावई एकेकीला उचलून सरळ करी. एकदा तो स्वतःच अडकला आणि दोन्ही टोपल्यांसकट गुडघ्यावर आला. गुडघा सोलला. सासऱ्याने पुढून विचारलं, "बदकांना लागलं नाही ना?"

जावयाला एक गोष्ट केव्हापासून खुपत होती. गाल डावाच होता, वारा डाव्याच गालावर होता, आणि तरी काहीतरी वळत चाललंय असं त्याला वाटत होतं. भिंत रंगवताना एखादी रेघ तिरपी जायला लागली की हाताला आधी कळतं, डोळ्याला मागून, तसं. पण त्याने ते तोंडावर आणलं नाही. वाटेचं खातं या घरात त्याच्याकडे नव्हतं.

"थांबा!" सासरा ओरडला.

त्याच्या पायाशी एक अंडं पडलं होतं. उघड्या, भेगाळ जमिनीवर, धुळीने माखलेलं.

सासऱ्याने ते उचलून तळव्यावर तोललं. "कोमट आहे!" त्याचा चेहरा पडला आणि लगेच लाल झाला. "गेला. नाकाड्या पुढे गेला. आत्ताच गेला. अंडं अजून गार झालेलं नाही!"

अंडं कोमट होतं हे खरं. त्या जमिनीवर त्या घटकेला दगडही कोमटच होते.

"बघू," म्हणत सासूने अंडं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि ते पदरात बांधलं.

सासऱ्याच्या अंगात वारं भरलं. "हाका! तो आपल्यापुढे फार नाही. ये ये ये! हाका म्हणतो ना!" आता चालणं राहिलं नाही, पळापळ झाली. बदकांच्या चोची उघड्या पडल्या, गळे थरथरायला लागले, पंख अंगापासून सुटे झाले. आधी एक बसलं, मग दोन बसली, मग ओळीची ओळ बसायला लागली. काठीने ढोसलं तर मान तेवढी हलवत. टोपल्या भरल्या. बांबू जावयाच्या मानेत रुतला. बायकोने पदराची झोळी करून तीन बदकं घेतली.

थोड्या वेळाने ती थांबली. झोळीतल्या एकीची मान बाहेर लोंबत होती. तिने ती सरळ करून बघितली. पुन्हा लोंबली. तिने डब्याकडे बघितलं, जावयाने तिच्या बोटावर चार थेंब पाडले, तिने ते चोचीत सोडले. पाणी चोचीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.

सासऱ्याने वळून बघितलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. त्याची पाठ एकाएकी म्हाताऱ्या माणसाची दिसायला लागली. बायकोने मेलेलं बदक खाली टाकलं नाही. जिवंतांमध्येच ठेवलं आणि चालू लागली.

मग सासू तिच्या अंगाला आली आणि कानाशी काही कुजबुजली. बायको मागे राहून नवऱ्यापाशी आली.

"अहो, आई म्हणते, ते अंडं थोरलीचं आहे."

"कोण थोरली?"

"आपली थोरली! ती काय, टोपलीतून तुमचा सदरा ओढतेय ती. तिचं अंडं टोकाला सुरकुततं. आख्ख्या तळ्यात तसं अंडं दुसऱ्या कुणाचं नाही."

जावई उभा राहिला. "म्हणजे ती जागा आपण आधी…"

"हो. वारा फिरलाय, आणि त्याच्यामागे आपण. गोल."

"मग मामींनी तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बाबांना तोंडावर कसं सांगणार? तुमच्यादेखत?"

"मग आता?"

"तुम्ही सांगा. तुम्ही बाहेरचे. तुम्हाला बोलले तरी कुणाला काही वाटत नाही."

जावयाने टोपल्या खाली ठेवल्या. सासऱ्यापर्यंत गेला. काय बोलायचं ते त्याने दोनदा मनात जुळवलं, आणि तोंडातून भलतंच आलं. "मामा, नाकाड्या पुढे नाही."

"तुम्ही बघून आलात?"

"अंडं आपल्या थोरलीचं आहे."

सासऱ्याने सासूकडे बघितलं. तिने क्षितिजाकडे बघितलं, जिथे क्षितिज नव्हतं.

"खरं का ग?"

"आता तुम्ही विचारताच आहात तर," सासू म्हणाली, "खरं. आणि दुसरं एक. ते खुंटे गाळात बसलेले नाहीत."

"मग?"

"सरपण कुठे होतं घरात? महिना झाला, तुम्ही विचारलं का एकदा, की चूल कशावर पेटते म्हणून? वाळकी लाकडं उभी होती. आणली."

सासऱ्याचं तोंड उघडं राहिलं. बदकांसारखंच. "माझे खुंटे? चुलीत?"

"चांगले जळायचे."

"पण पहिले तीन तर…"

"जवळचे दारातून दिसतात तुम्हाला. ते काढले असते तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून लांबचे आधी काढले. एवढी पायपीट केली तुमचा जीव दुखू नये म्हणून, आणि वर मलाच बोला."

महिनाभर सासरा सकाळचा चहा स्वतःच्याच वाटेवर उकळून पीत होता. तो खाली बसला. त्याने काठी आडवी ठेवली, आणि पोटावर हात धरून, दिशा अजून तिथे आहे का ते चाचपल्यासारखा बसून राहिला. त्याच्याभोवती बदकंही बसली. धूळ वाहत होती. डब्यातलं पाणी बुडाशी खळखळलं आणि चौघांनीही ते ऐकलं.

जावयाने कुठेतरी बघायचं म्हणून खाली बघितलं. पायापाशी एक पांढुरकी रेघ होती. वाळकं शेवाळ, पिसं, शिंपल्यांचा चुरा; दोरी पसरल्यासारखी डावी-उजवीकडे धुळीत जाऊन दिसेनाशी होणारी. अशाच एका रेघेला मघाशी तो ठेचकाळला होता. त्याच्या आधीही एक ओलांडली होती. तो उकिडवा बसला.

चुना भिजवायच्या पिंपात असंच होतं. चुन्याचं पाणी उतरत जातं आणि जिथे जिथे काही वेळ थांबतं, तिथे तिथे पिंपाच्या अंगावर एक कडं सोडून जातं. वरचं कडं जुनं, खालचं नवं. आत्तापर्यंत पिंप बाहेरून बघितलं होतं. आज तो पिंपात होता.

"ही काठाची रेघ आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "पाणी इथे थांबलं होतं. ही आडवी कापत गेलं, की…"

"की पाणी, नाहीतर पुन्हा काठ," सासू म्हणाली. "आतली बाजू कुठली?"

ते त्याला माहीत नव्हतं. तिघांचे डोळे त्याच्यावर, आणि शंभर बदकांचे, त्यांतले निम्मे चिकटलेले. त्याने आयुष्यात एवढ्या जणांना कधी काही सांगितलं नव्हतं. त्याने हात वर केला आणि उजवीकडे दाखवलं. उजवीकडेच का, तर हात उजवा होता म्हणून.

उठवता येतील तेवढी बदकं उठवली, उरलेली उचलली. सासराही दोन बदकं काखेत घेऊन मुकाट चालू लागला. पुढची रेघ आली. जावयाने शिंपला उचलला, तो बोटांत पिठासारखा चुरला. भेगांच्या कडा वाऱ्याने झिजून गोल झाल्या होत्या, तोंडापर्यंत धूळ भरली होती. खूप दिवसांच्या भेगा. त्याने आडवं पडून एका भेगेत हात घातला. कोपरापर्यंत. सगळं कोरडं आणि गरम, भट्टीत घातल्यासारखं.

"चुकलं," तो जमिनीवर पडल्या पडल्याच म्हणाला. "उलटं जायला हवं."

"पोटात नसली की असं होतं," सासरा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर किंचित रंग परत आला.

उलटे फिरले. आता वाटेतल्या प्रत्येक पावलाला दुप्पट किंमत पडत होती, आणि ते कुणाच्या पायी ते सगळ्यांना ठाऊक होतं. जावयाच्या मानेवरचं कातडं निघून बांबूला लागलं होतं. पहिली रेघ पुन्हा ओलांडली. पुढची आली. त्याने बांबू टाकला, आडवा झाला, हात भेगेत खुपसला. कोरडं. त्याच्या मनात आलं की कदाचित दोन्ही बाजूंना काहीच नसेल. डोहही सासऱ्याच्या पोटातच असेल. बायको शेजारी येऊन आडवी झाली. तिने पुढच्या भेगेत हात घातला, खांद्यापर्यंत, गाल मातीला टेकवून.

"गार लागतंय का हो? का मलाच वाटतंय?"

त्याने तिच्या भेगेत हात घातला. तिची बोटं लागली, आणि बोटांच्या खालची माती. गार होती. गार म्हणजे नुसती सावलीतली असते तेवढीच, पण होती. भेगेच्या कडा धारदार होत्या.

"चला," तो म्हणाला. या वेळी त्याने हात वर केला नाही.

पुढच्या रेघेवरचा शिंपला चुरला नाही, तुटला. त्याच्या पुढच्या रेघेतलं शेवाळ वाकलं, मोडलं नाही. तो प्रत्येक रेघेला आडवा होई, हात घाली, उठे. उजवा हात दंडापर्यंत मातीने राखाडी झाला. मग एकदा त्याने हात बाहेर काढला आणि तो काळा होता. चिखल. त्याने तो कुणाला दाखवायच्या आत सासू आली, त्याचा हात धरला, नाकापाशी नेऊन वास घेतला आणि सोडला.

"मासळीचा वास आहे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. धूळ फारच होती.

टोपलीतल्या थोरलीने मान वर काढली. मग बसलेल्यांतली एक उठली, मग पाच-दहा. कुणी "ये ये" म्हटलं नव्हतं. एकाएकी सगळा कळप ओरडत, पंख फडफडवत, एकमेकींच्या अंगावर पडत पुढे सुटला, आणि चौघं माणसं टोपल्या घेऊन त्यांच्यामागे धावत सुटली. पायाखालची जमीन लवचीक झाली, मग मऊ, मग घोट्याएवढा चिखल. धुळीतून काहीतरी चमकलं. आधी पाण्याचा आवाज आला, शंभर बदकं एकदम पाण्यात पडल्याचा. मग पाणी दिसलं.

डोह फार मोठा नव्हता. हिरवट होता, कडेला फेस होता, वास चांगला येत नव्हता. बायको गुडघाभर पाण्यात उतरून टोपल्या पालथ्या करत होती आणि न थांबणाऱ्या एकेकीचं डोकं बुडवून डोळे सोडवत होती. मेलेलं बदक तिने काठावर सावकाश ठेवलं. सासूने डोहाला एक फेरी मारली.

"नाकाड्या नाही," तिने येऊन सांगितलं.

"घाबरला असेल आपल्याला," सासरा म्हणाला. मग बदकांकडे बघत म्हणाला, "बघितलंत ना शेवटी? आपली बदकं आहेत. त्यांना कळते दिशा."

जावई चिखलात बसला होता. त्याने मान हलवली. वाद घालायला त्याच्याजवळ थुंकी उरली नव्हती. बायकोने पाण्यातून एकदा बापाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि ओंजळभर पाणी त्याच्या मानेवर टाकलं. झोंबलं.

वारा पडला. धूळ खाली बसायला लागली, आणि चहूकडे तळ्याचं बूड उघडं झालं. एक झाड नाही, एक झुडूप नाही, एक उंचवटा नाही. सासरा बराच वेळ उभा राहून हे बघत होता. त्याचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. आता हा काय ते बोलणार, असं सासूलाही वाटलं असावं. ती हातातलं काम थांबवून बघायला लागली. सासरा तिच्याकडे पाठ करून जावयाजवळ आला, वाकला, आणि जन्मात कधी कुणाशी बोलला नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"जावईबापू… सकाळपासून पोट ठीक नाही. इथे कुठल्या बाजूला जाऊ, सांगाल का? बायका आहेत." आणि पुन्हा एकदा चौफेर बघून, "आडोसा तर कुठेच दिसत नाही. तुम्हीच जरा येऊन उभे राहता का?"